जुन्या शेडचा गर्डर पुन्हा उभा करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-पिंपरी पट्ट्यात शेड आणि गोदामांच्या सांगाड्यांचं डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. एका उन्हाळ्यात भोसरीकडे एक जुनी शेड बघायला गेलो. मालक ती पाडणार होते आणि माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला जवळपास त्याच मापाची शेड हवी होती. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम. पोचलो तेव्हा गॅस कटरची नळी गुंडाळून ठेवलेली होती. आयएसएमबी ३०० चे, म्हणजे ‘आय’ आकाराचे ३०० मिलिमीटर उंचीचे, सरळसोट, नावालाही गंज नसलेले गर्डर दीड-दीड मीटरचे तुकडे होऊन ढिगात पडले होते. ट्रकमध्ये नीट रचता यावेत आणि भट्टीच्या तोंडात जावेत म्हणून. एका तुकड्याला हात लावला तर कापलेली कड अजून कोमट होती.

तेव्हापासून शेडमालक, फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडे कापून-जोडून देणारे), आर्किटेक्ट आणि नव्याने या कामात आलेले इंजिनिअर जे प्रश्न विचारतात ते मी लिहून ठेवत आलोय. त्यांतले नेहमी येणारे इथे घेतलेत.

भंगार शेवटी भट्टीत जातंच आणि त्याचं नवं लोखंड होतंच. मग वाया काय गेलं?

लोखंड वाया जात नाही, हे खरंच आहे. आपल्याकडे लोखंडाचा तुकडा फार दिवस रस्त्यावर राहत नाही. तो उचलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत आणि जालन्यातल्या भट्ट्या अशा भंगारावरच चालतात. वाया जातो तो आकार. लालबुंद लोखंड रोलिंग मिलमध्ये पुन्हा पुन्हा दाबून त्याला ‘आय’ आकार दिलेला असतो. मग कुणीतरी ते मापात कापलेलं असतं, भोकं पाडलेली असतात, प्लेटा जोडलेल्या असतात. गॅसच्या एका झोतात ती सगळी मेहनत जाते. भट्टीतून गर्डर बाहेर येतो तो बहुतेक वेळा सळई होऊन.

जुना वाडा उतरवताना सागवानी तुळया आणि खांब कुणी चुलीत घालत नाही. खुणा करून, खुंट्या सोडवून त्या खाली घेतात आणि त्या दुसऱ्या घराला लागतात. ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द आता आला, पण सागवानाच्या बाबतीत ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोखंडी तुळईलाही तीच वागणूक मिळावी, एवढं माझं म्हणणं आहे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. भंगारात मोटारी आणि वायरिंगमधलं तांबं मिसळतं. वितळलेल्या लोखंडातून तांबं वेगळं काढणं कारखान्याच्या पातळीवर जमत नाही. प्रत्येक फेरीत ते साठत जातं आणि रोलिंगच्या वेळी पृष्ठभागाला चिरा पडू लागतात. चांगला, स्वच्छ गर्डर मिसळीच्या भंगारात टाकला की आपण त्याचा दर्जाही उतरवतो.

एक गर्डर वाचवला तर पर्यावरणाचं नेमकं किती वाचतं?

भारतात एक टन कच्चं पोलाद तयार होताना सरासरी सुमारे २.५४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी १.९ टनांच्या आसपास आहे. आपलं पोलाद अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर आणि खनिजावर तयार होतं, हे त्याचं कारण. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली, तीसुद्धा टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन अशी आहे.

जुन्या तक्त्याप्रमाणे आयएसएमबी ३०० चं वजन मीटरला ४४.२ किलो, म्हणजे सहा मीटरचा गर्डर २६५ किलोचा. देशाच्या सरासरीने तो नवा करायला गेलं तर सुमारे ६७० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मात्र हे सगळंच्या सगळं वाचलं असं सांगू नका. तो गर्डर भट्टीत गेला असता तर तिथेही त्याने तेवढ्या खनिजाची गरज कमी केलीच असती. निखळ बचत आहे ती वितळवण्याची, रोलिंगची आणि मधल्या वाहतुकीची. इंडक्शन भट्टीत टनाला साधारण ६०० युनिट वीज जाते, त्यानंतर रोलिंगसाठी पुन्हा तापवणं आलं. ही बचतही लहान नाही. फुगवून सांगितलेला आकडा एकदा खोटा पडला की पुढे खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

चाळीस-पन्नास वर्षं उभं राहिलेलं स्टील थकलेलं नसतं का?

नुसत्या वर्षांनी स्टीलची ताकद जात नाही. कोरड्या जागी, ठरलेल्या भाराखाली उभा असलेला गर्डर पन्नास वर्षांनीही तेवढाच भार घेतो. त्याला बाधतात चार गोष्टी: गंज, आग, कायमचा बाक येईल असा जादा भार, आणि लाखो वेळा चढ-उतार होणारा भार.

शेवटची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगतो. क्रेन धावत असेल तर तिच्याखालचा गॅन्ट्री गर्डर प्रत्येक फेरीला ताणला आणि सैलावला जातो. वेल्डच्या टोकाला किंवा भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. बाहेरून गर्डर ठणठणीत दिसतो. म्हणून गॅन्ट्री गर्डर, रेल्वेपुलांचे भाग आणि कंप करणाऱ्या यंत्रांखालच्या चौकटी मी भार घेणाऱ्या कामासाठी घेत नाही. त्याच शेडमधले छपराच्या कैचीचे अँगल, पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात ते आडवे नग) आणि साधे कॉलम मात्र आनंदाने घेतो.

गंज किती चालतो?

गंज दिसायला असतो त्याहून बऱ्याचदा कमी खोल असतो, कारण लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या कित्येक पट फुगतो. पापुद्रे हातोडीने पाडा, वायर ब्रशने घासा आणि मग अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने फ्लँज (‘आय’च्या वरची-खालची आडवी पट्टी) आणि वेब (मधली उभी पट्टी) दोन्हींची जाडी मोजा. डिझाइन त्या मोजलेल्या जाडीवर करायचं, तक्त्यातल्या जाडीवर नाही.

कॉलमचा पाया मात्र संशयानेच बघा. फरशीला टेकलेला शेवटचा वीतभर भाग वर्षानुवर्षं ओला राहतो. कोकणातल्या शेडमध्ये मी असे कॉलम पाहिलेत की वर हात फिरवला तर रंगसुद्धा शाबूत, आणि खाली स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. तेवढा भाग कापून टाकायचा आणि कॉलमची उंची कमी धरायची.

शेडला आग लागली होती. सांगाडा घेऊ का?

सरळ राहिलेला भाग बहुतेक वेळा चालतो. साधं स्ट्रक्चरल स्टील सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून सावकाश थंड झालं की त्याची जवळजवळ सगळी ताकद परत येते. वाकलेला, पिळवटलेला भाग सोडून द्या आणि उरलेल्याची हार्डनेस (कठीणपणा) तपासणी करून घ्या. ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे बोल्ट मात्र सगळे फेका. त्यांची ताकद उष्णोपचाराने आणलेली असते आणि आगीने ती उतरते.

गिरण्यांचे जुने खांब मिळतात. ते स्टीलचे असतात का?

अनेकदा नसतात, आणि इथे चूक महागात पडते. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींत तीन वेगळे धातू सापडतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. गोल, पोकळ, वर नक्षीदार बोंड असलेले खांब बहुधा बिडाचे. मुंबईत काळाघोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, तिचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणला आणि इथे जोडला. बीड दाबाला जबरदस्त, पण ताणाला आणि धक्क्याला कच्चं. घरातला बिडाचा तवा हातातून पडला की तडकतो, तेच. बिडाचा खांब सरळ दाबाखाली उभा करता येईल, पण त्यावर वेल्डिंग करू नका आणि त्याची तुळई तर कधीच करू नका.

दुसरं घडीव लोखंड. ते तोडून पाहिलं तर ओल्या बांबूसारखे दोरे दिसतात, कारण आत धातुमळीचे (स्लॅगचे) धागे असतात. ते लांबीच्या दिशेने चांगलं काम करतं, आडवं ओढलं की थर सुटतात. तेही वेल्डिंगला योग्य नाही.

खरं रोल केलेलं स्टील इमारतींत रुळलं ते एकोणिसावं शतक संपता संपता. त्याच्या वेबवर उठावदार अक्षरं शोधा. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर तो इंग्लंडातल्या मिडल्सब्रोचा, ‘टिस्को’ असेल तर जमशेदपूरचा. रंगाचे पाच थर खरवडल्यावर ती अक्षरं बोटाखाली लागतात तेव्हा मला दरवेळी भरून येतं. ते ज्यांनी रोल केलं त्यांतलं आज कुणी नाही, आणि गर्डर काम करायला तयार आहे.

कागदपत्रं नाहीत. स्टील कोणत्या ग्रेडचं आहे हे कसं ठरवायचं?

आधी कागद खरोखर नाहीत का ते बघा. जुन्या एमआयडीसी शेडचे नकाशे कधी बँकेकडे तारण फायलीत, कधी मूळ आर्किटेक्टच्या माळ्यावर सापडतात. एक ड्रॉइंग मिळालं तर निम्मं काम झालं.

भारतात पूर्वी रिव्हेट-बोल्टच्या कामाला आयएस २२६ (आयएस म्हणजे भारतीय मानक) चं स्टील वापरत, वेल्डिंगच्या दर्जाचं हवं असेल तर आयएस २०६२. पुढे सगळं आयएस २०६२ मध्येच आलं. आजच्या ई २५० ग्रेडची यील्ड स्ट्रेंग्थ २५० मेगापास्कल (ताणाचं एकक), म्हणजे तेवढ्या ताणाला स्टील कायमचं वाकू लागतं. तुटण्याची ताकद ४१० मेगापास्कल. जुनं आयएस २२६ याच्या आसपासच येतं. पण ‘आसपास’ धरून डिझाइन करता येत नाही.

तपासणी अशी होते. एकाच शेडमधले, एकाच मापाचे आणि एकाच कामाचे नग एकत्र करून गट पाडायचे. गटातल्या प्रत्येक नगाची पोर्टेबल यंत्राने हार्डनेस घ्यायची. एखादा नग बाकीच्यांपेक्षा वेगळा आकडा दाखवत असेल तर तो मधल्या काळात बदललेला असतो, त्याला बाजूला काढायचं. मग गटातून नमुने कापून प्रयोगशाळेत पाठवायचे: ताण चाचणी आयएस १६०८ प्रमाणे आणि स्पेक्ट्रोमीटर यंत्रावर रासायनिक पृथक्करण. नमुना टोकाकडून, जिथे ताण कमी असतो तिथून घ्यायचा. मधोमध फ्लँज कापून आणलेला नमुना मी पाहिलाय. त्या नमुन्यापायी अख्खा गर्डर बाद झाला.

वेल्डिंग करायचं असेल तर पृथक्करणाशिवाय पुढे जाऊ नका. कार्बन, मँगनीज वगैरेंवरून ‘कार्बन इक्विव्हॅलंट’ काढतात; तो जितका जास्त तितका वेल्डचा जोड तडकण्याचा धोका. ई २५० च्या ए दर्जाला त्याची मर्यादा ०.४२ आहे. त्याहून जास्त आला, किंवा गंधक-फॉस्फरस वाढलेले दिसले, तर जोडणी बोल्टने करा.

शेतातल्या गोठ्यासाठीही एवढं सगळं?

प्रयोगशाळेचा खर्च शेडच्या खर्चाच्या मानाने जड वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे: स्टील कमकुवत समजून डिझाइन करायचं. ऑस्ट्रेलियाची एएस ४१०० संहिता ओळख न पटलेल्या स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ १७० मेगापास्कलपेक्षा जास्त धरू देत नाही. गोठ्याला किंवा कांदाचाळीला जुना गर्डर तसाही गरजेपेक्षा दणकट असतो, त्यामुळे यात नुकसान होत नाही. इंजिनिअरला एकदा दाखवा मात्र. वळवाच्या वादळात गोठ्याचं छप्पर उडतं ते गर्डर तुटल्यामुळे क्वचितच. पत्र्याचे जे-हुक सुटतात किंवा कॉलमचा पाया उपसून येतो. लक्ष तिकडे हवं.

जुनं माप नव्या डिझाइनमध्ये बसत नाही. काय करायचं?

डिझाइन उलटं करायचं. एरवी आपण आधी गाळा (दोन खांबांमधलं अंतर) ठरवतो आणि मग गर्डर निवडतो. इथे हातात असलेल्या गर्डरांची यादी समोर ठेवायची आणि गाळा त्यांना साजेसा ठरवायचा. सात मीटरचे वीस नग असतील तर सव्वासहाचा गाळा घ्या, कारण दोन्ही टोकांची जुनी भोकं आणि वेल्ड कापून टाकण्यात प्रत्येकी १५० ते ३०० मिलिमीटर जातात. थोडा जाड गर्डर लागला तरी चालतो, तो विकतच्या नव्यापेक्षा भारी नाही पडत.

स्वातंत्र्याआधीचे गर्डर इंची मापात असतात. बारा इंची गर्डर भरतो ३०५ मिलिमीटर आणि शेजारचा नवा ३०० चा. पाच मिलिमीटरच्या फरकाने स्लॅबची किंवा पत्र्याची पातळी बिघडते. पॅकिंग प्लेट आधीच नकाशात दाखवली तर साइटवर भांडण होत नाही.

सेकंडहँड पीईबी शेड आख्खीच मिळतेय. उचलून तशीच दुसरीकडे उभारली तर?

हा प्रश्न सध्या सगळ्यांत जास्त येतो. पीईबी म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, कारखान्यात तयार करून आणलेली शेड. बोल्टने जोडलेली असल्याने ती उतरवायला सोपी, प्लेटांवर बहुधा नंबरही असतात. पण पीईबीत स्टील जिथे लागेल तिथेच आणि लागेल तेवढंच ठेवलेलं असतं. फ्रेम मध्येच निमुळती होते, मध्येच जाड होते. ती त्या जागेसाठी शिवलेला कपडा आहे. दुसऱ्याच्या अंगाला तो होईलच असं नाही.

वाऱ्याचं उदाहरण घ्या. वाऱ्याच्या भाराचं मानक असलेल्या आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे पुण्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईत ४४. फरक पाचाचा वाटतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे तीच शेड पुण्याहून मुंबईला नेली तर दाब सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. समुद्राकाठी मोकळ्यावर उभी केली तर आणखी. भूकंपक्षेत्र बदललं तर तोही हिशेब नव्याने. आणि नव्या मालकाला छतावर सोलर पॅनल टाकायचं असतं, ज्याचा भार मूळ डिझाइनमध्ये धरलेलाच नसतो.

म्हणून मूळ डिझाइनचं गणित मागा. ते नसेल तर प्रत्येक प्लेट मोजून नव्याने गणित करून घ्या आणि कमी पडेल तिथे त्याच फ्रेम जवळजवळ घ्या. साडेसात मीटरवर असलेल्या फ्रेम सहावर आणल्या की बहुतेक वेळा काम भागतं. शेड लहान होते, पण उभी राहते.

रेल्वेचे जुने रूळ तुळई म्हणून चालतील?

गावाकडच्या कित्येक घरांत आणि विहिरींवर रूळ आहेत, ते पाहून हे विचारलं जातं. मी नको म्हणतो. रुळाचं स्टील मुद्दाम कठीण केलेलं असतं, त्यात कार्बन साध्या गर्डरच्या तिप्पट-चौपट असतो. त्यावर साधं वेल्डिंग केलं की जोडाशेजारचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. शिवाय लाखो चाकं त्यावरून गेलेली असतात. कुंपणाला खांब म्हणून रोवायला हरकत नाही, तेही रेल्वेच्या लिलावाची पावती असेल तरच. पावतीशिवाय रूळ बाळगणं १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं.

अलंगच्या जहाजांचं स्टील?

गुजरातेत अलंगला जुनी जहाजं तोडतात. तिथल्या जाड प्लेटा बऱ्याचदा न वितळवता, नुसत्या तापवून सळया आणि पट्ट्यांमध्ये रोल केल्या जातात. तो वेगळाच बाजार आहे. प्लेट प्लेट म्हणून मिळाली तर वरची सगळी तपासणी तिलाही लागू.

पाडकाम करताना नेमकं काय वेगळं करायचं?

सगळा खेळ इथे आहे. चांगला गर्डर पुन्हा वापरला जाणार की भंगारात जाणार, हे शेड पाडायच्या ठेक्यातच ठरतं. कापणाऱ्याला टनावर पैसे मिळतात, म्हणून तो जिथे सोपं तिथे कापतो. त्याचा यात दोष नाही, त्याला तसंच काम दिलेलं आहे. ठेक्यात लिहा: मुख्य सांगाड्याला गॅस लावायचा नाही, बोल्ट खोलायचे, अडलेला बोल्ट कापायचा तर बोल्टच कापायचा, प्लेट नाही, वेल्ड असेल तिथे जोडापासून कुठे कापायचं ते इंजिनिअर खडूने दाखवेल. आणि लागणाऱ्या जास्तीच्या दिवसांचे पैसे द्या.

खोलण्याआधी प्रत्येक नगावर खूण हवी. नुसत्या रंगाने लिहिलेलं ट्रकमधल्या घासाघाशीत पुसतं. आमचा एक म्हातारा फिटर छिन्नी-पंचने वेबच्या डाव्या टोकाला आकडा ठोकतो आणि त्याभोवती पांढऱ्या ऑइल पेंटचं वर्तुळ काढतो. अ-३ म्हणजे ‘अ’ रांगेतला तिसरा कॉलम, बाण उत्तरेकडे. चार महिने यार्डात पावसात पडलेल्या ढिगातून तो नग पाच मिनिटांत सापडला, तो या वर्तुळामुळे.

उतरवण्याचा क्रम उभारणीच्या उलटा: आधी पत्रे, मग पर्लिन, मग कैच्या किंवा राफ्टर, शेवटी कॉलम. तिरपे ब्रेसिंग मात्र आधी काढायचे नाहीत. ते दिसायला किरकोळ असतात आणि हाताला पटकन येतात, पण त्यांच्यावरच ओळ उभी असते. ते काढले आणि फ्रेमला हायड्राचा (फिरत्या क्रेनचा) आधार नसेल तर पत्त्यांच्या घरासारखी सगळी रांग एका बाजूला जाते, खाली माणसं असताना.

जुन्या रंगाचा आणि पत्र्यांचा धोका?

केशरी-लाल जुना प्रायमर दिसला की थांबा. ‘रेड लेड’ म्हणजे शिशाचं ऑक्साइड, देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर तोच. त्यावर गॅस लावला तर शिशाची वाफ कामगाराच्या छातीत जाते आणि कोरडं ग्राइंडिंग केलं तर धूळ. कापायच्या जागचा रंग आधी रसायनाने किंवा ओला घासून काढायचा, योग्य मास्क द्यायचा, आणि त्याच कपड्यांत घरी जेवायला जाऊ द्यायचं नाही. घरी लहान मुलं असतात.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते वरून खाली फेकू नका, फोडू नका. पाणी मारून, अख्खे उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. हे पत्रे पुन्हा वापरू नका.

जुने बोल्ट?

नवे घ्या.

यात पैसे खरंच वाचतात का?

कधी वाचतात, कधी बरोबरी होते. जुन्या सांगाड्याचा भाव भंगार आणि नवं स्टील यांच्या मध्ये कुठेतरी ठरतो. त्यावर खोलण्याची मजुरी, वाहतूक, साफसफाई, तपासणी आणि ठेवायची जागा चढते. तीस-चाळीस सारख्या मापाचे नग एकाच जागी मिळाले तर हिशेब छान बसतो. पाच ठिकाणचे वेगवेगळे आठ नग गोळा केले तर बसत नाही. सगळ्यांत महाग पडतो तो वेळ: जुनी शेड मार्चमध्ये उतरते आणि नवीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं. मधले आठ महिने ते स्टील ठेवणार कुठे? कळंबोलीच्या लोखंड बाजारासारख्या ठिकाणी तपासलेलं, नंबर घातलेलं जुनं स्टील वेगळं रचून विकणारी यार्डं उभी राहिली, तर ही अडचण सुटेल असं मला मनापासून वाटतं.

कायदा आणि परवानग्या काय म्हणतात?

जुनं स्टील वापरायला बंदी नाही. जबाबदारी डिझाइनवर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची असते आणि डिझाइन नव्यासारखंच स्टीलच्या बांधकामाच्या मानकाला, आयएस ८०० : २००७ ला, धरून लागतं. परवानगीच्या फायलीत तपासणीचे अहवाल जोडा. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे २०१६ चे नियम बदलून २०२५ चे नवे नियम आले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर त्यांत जास्तीची जबाबदारी टाकली आहे. जीएसटीत माल ‘भंगार’ म्हणून दाखवायचा की ‘वापरलेला सांगाडा’ म्हणून, हे बिल फाडण्याआधी सीएला विचारा.

बाहेरच्या देशांत हे कुणी मोठ्या प्रमाणावर केलंय का?

लंडनच्या दक्षिणेला २००२ मध्ये पूर्ण झालेल्या बेडझेड वसाहतीत ९८ टन जुनं स्ट्रक्चरल स्टील वापरलं, तिथल्या एकूण स्ट्रक्चरल स्टीलच्या ९५ टक्के. त्यातलं बरंचसं ब्रायटन रेल्वे स्टेशनच्या दुरुस्तीतून आलं. २०१२ च्या ऑलिम्पिक स्टेडियमच्या छताला गॅसवाहिनीच्या कामातून उरलेले नळ लागले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते तिथल्या स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये काढलेलं पी ४२७ हे मार्गदर्शक. १९७० नंतर उभारलेल्या इमारतींमधलं स्टील कसं तपासायचं, २० टनांपर्यंतचे गट कसे पाडायचे, कोणत्या चाचण्या करायच्या, सगळं त्यात लिहिलंय. वर सांगितलेली गटांची पद्धत तिथलीच. आपल्याकडे वापरलेलं स्टील विकणारे आणि घेणारे कधीपासून आहेत, कमी आहे ती अशी सर्वमान्य लिखित पद्धत. ती भारतीय मानक म्हणून आली तर सही करताना इंजिनिअरचा हात थरथरणार नाही.

मी नवी शेड बांधतोय. पुढच्याला ती उतरवता यावी म्हणून आत्ता काय करू?

साइटवरच्या जोडण्या बोल्टच्या ठेवा. शक्य तिथे रोल केलेले साधे सेक्शन आणि एकसारख्या लांब्या घ्या. बेस प्लेटवर काँक्रीट चढवून बोल्ट पुरून टाकू नका, ग्रीस लावून टोपी घाला. मेझनिनच्या (मधल्या मजल्याच्या) स्लॅबसाठी गर्डरवर स्टड (काँक्रीटला धरणाऱ्या खुंट्या) वेल्ड केले की तो गर्डर काँक्रीटमधून सोडवणं फार जिकिरीचं होतं, त्यामुळे गरज नसेल तर टाळा. मिलची टेस्ट सर्टिफिकेटं आणि ‘अ‍ॅज बिल्ट’ (प्रत्यक्ष बांधलं तसं दाखवणाऱ्या) ड्रॉइंगचा एक संच लॅमिनेट करून शेडच्या मुख्य पॅनलच्या पेटीत ठेवा. बाकी सगळीकडचे कागद हरवतात, पण वायरमन ती पेटी जपतो.

माझी शेड काढायची आहे. पहिलं पाऊल कोणतं?

भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दुपार काढा. आतून चारही बाजूंचे फोटो, एका कॉलमच्या पायाचा आणि एका जोडणीचा जवळून फोटो, टेपने घेतलेली गाळ्याची रुंदी, उंची, दोन फ्रेममधलं अंतर, गर्डरच्या फ्लँजची रुंदी आणि खोली. शेड कोणत्या साली बांधली, क्रेन होती का, कधी आग लागली होती का, हे एका कागदावर. एवढं हातात असेल तर एखादा फॅब्रिकेटर किंवा इंजिनिअर फोनवरच सांगू शकतो की सांगाडा ठेवण्यासारखा आहे की नाही. आणि जागा रिकामी करायची तारीख निदान सहा आठवडे पुढची ठेवा, गिऱ्हाईक शोधायला तेवढा वेळ लागतोच.